साखरेचें रंगीत कवच

हिंगोलीहून नांदेडकडे जाणाऱ्या सडकेवर कळमनुरी हें तालुक्याचें गांव लागतें. एके काळीं तें निजामाच्या राज्यांत, परभणी जिल्ह्यांत मोडत असे. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं तें राज्य संपलें. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला. १९६० सालीं महाराष्ट्र राज्य निर्माण झालें. आणि १ मे १९९९ रोजीं परभणीचे दोन भाग होऊन हिंगोली हा निराळा जिल्हा झाला. एवढे सगळे फेरफार एकाच आयुष्यांत पाहिलेलीं माणसें या गांवांत अजून आहेत. त्यांपैकीं एका वृद्ध स्त्रीच्या तोंडून सहज निघालेल्या एका वाक्यापासून मी आजच्या भाषणास आरंभ करणार आहें. विषय मात्र राजकारणाचा नाहीं, स्वयंपाकघराचा आहे.

गेल्या पौषांत मी माझ्या बहिणीकडे कळमनुरीस गेलों होतों. तिच्या दहा वर्षांच्या मुलीनें कोठेंसें ‘कँडी अ‍ॅपल’चें चित्र पाहिलें होतें. लहानसें सफरचंद काडीला टोंचून साखरेच्या उकळत्या पाकांत बुडवावयाचें आणि बाहेर काढून गार करावयाचें, कीं त्याच्यावर रंगीत कांचेसारखें चकचकीत कवच चढतें, असा हा पदार्थ. मुलीनें हट्ट धरला आणि आईनें पातेलें चढवलें. साखर नीट विरघळावी, तळाला लागूं नये, म्हणून ती बिचारी शेवटपर्यंत पळीनें ढवळीत राहिली. परंतु फळावर जें चढलें तें कांचेसारखें नव्हतें. तें पांढरट, रवाळ, ओल्या भिंतीच्या पोपड्यासारखें होतें, आणि बोट लावतांच गळून पडत होतें. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलें. तिची आजी, म्हणजे माझ्या बहिणीच्या सासूबाई, तेथेंच पाटावर बसल्या होत्या. त्यांचें वय ऐंशीच्या पुढें. कँडी अ‍ॅपल हें नांवहि त्यांनीं त्या दिवशींच प्रथम ऐकलें. त्यांनीं तो पोपडा दोन बोटांत चुरडून पाहिला आणि म्हणाल्या, “अगं, ढवळलंस कशाला? दाणा धरला त्यानं. हा तर हलव्याचा पाक झाला!”

जो पदार्थ जन्मांत पाहिला नाहीं त्याचें दुखणें या बाईंना एका क्षणांत कसें कळलें? या प्रश्नाचा मी जसजसा विचार करूं लागलों, तसतसें माझ्या ध्यानांत येऊं लागलें कीं, परदेशचा म्हणून ज्याचें आपण कौतुक करतों त्या पदार्थाची निम्मी विद्या आमच्या घरांत आधींपासूनच नांदत होती. ती कशी आली आणि आज तिची अवस्था काय आहे, हें आपणांस थोडक्यांत सांगावें असें मनांत आहे.

आधीं पाहुण्याची ओळख करून घेऊं. अमेरिकेंतील न्यूजर्सी राज्यांत नेवार्क म्हणून शहर आहे. तेथें विल्यम कोल्ब नांवाचा एक मिठाईवाला होता. १९०८ सालीं नाताळासाठीं दालचिनीच्या स्वादाची लाल मिठाई करीत असतां त्यानें कांहीं सफरचंदें त्या पाकांत बुडवून दुकानाच्या खिडकींत मांडून ठेवलीं, अशी हकीकत सांगतात. मिठाईकडे लोकांचें लक्ष जावें एवढाच त्याचा हेतु. पण गिऱ्हाइकांनीं तीं फळेंच पांच-पांच सेंटांना उचलून नेलीं. इंग्लंडांत ५ नोव्हेंबरच्या रात्रीं होळ्या पेटवतात, त्या वेळीं ‘टॉफी अ‍ॅपल’ खाण्याची रीत आहे. जपानांतील उन्हाळी जत्रांतूनहि साखरेचीं सफरचंदें विकतात. चीनमधील तऱ्हा तर याहून जुनी. तेथें बोरापेक्षां किंचित् मोठीं अशीं आंबट तांबडीं फळें बांबूच्या काडीवर ओळीनें ओंवतात आणि तीं कडक पाकांत घोळून थंडीच्या दिवसांत रस्त्यावर विकतात. या ‘थांगहुलु’चा उगम तेथील दंतकथा थेट सोंग राजवटीच्या राजवाड्यांत नेऊन पोंचवतात. तात्पर्य, आंबटगोड फळाला साखरेचें कवच चढवावें ही बुद्धि कोणा एका देशाची नव्हे.

परंतु या सर्वांच्या मुळाशीं जी साखर, ती मात्र पाकरूपानें आणि दाण्याच्या रूपानें जगाला प्रथम दिली ती आपल्या देशानें. उंसाचें मूळ घर न्यू गिनी बेटांत होतें असें आतां शास्त्रज्ञ मानतात. पण त्याचा रस आटवून त्याचा खडा करण्याची युक्ति भारतांत निघाली. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत काकवीसारख्या फाणितापासून गूळ, खंड आणि शर्करा यांपर्यंत उंसाच्या रसाचीं निरनिराळीं रूपें वेगवेगळ्या नांवांनीं मोजलीं आहेत. इ. स. ६४७ च्या सुमारास चीनच्या ताइझुंग बादशहानें साखर करण्याची रीत शिकण्यासाठीं आपलीं माणसें मगधास पाठविलीं होतीं. आणि शब्दांचा प्रवास तर याहूनहि बोलका आहे. संस्कृत ‘शर्करा’ फारशींत ‘शकर’ झाली, अरबींत ‘सुक्कर’ झाली आणि युरोपांत जाऊन ‘शुगर’ झाली. आपला ‘खंड’ अरबांच्या तोंडीं ‘कंद’ झाला. तोच गुलकंदांत आणि कलाकंदांत परत आपल्याकडे आला. आणि तोच युरोपांत ‘कँडी’ झाला. म्हणजे माझ्या भाचीनें ज्या पदार्थासाठीं हट्ट धरला, त्याच्या नांवांतील पहिला शब्द हा आपल्याच घरचा मुलगा, सातासमुद्रांपलीकडून वेष पालटून आलेला!

आतां मराठवाड्याकडे येऊं. या भागावर एके काळीं राज्य करणाऱ्या कल्याणीच्या चालुक्यांपैकीं तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. त्यांत राजाच्या अन्नभोगाचें सविस्तर वर्णन आहे. पण राजाच्या ताटांत जें पडे तें कुणब्याच्या ताटांत पडत नसे. खेड्यांतील गोडवा शतकानुशतकें गुळाचाच होता. पांढरी साखर ही देवाच्या नैवेद्याची, आजाऱ्याच्या औषधाची आणि सणाची वस्तु. एकोणिसाव्या शतकांत मॉरिशस बेटाची साखर येऊं लागली. तिला आपल्याकडे ‘मोरस’ हें नांव पडलें. पुढें जावा बेटाची साखर आली. १९३२ सालीं हिंदुस्थान सरकारनें देशी साखरधंद्यास जकातीचें संरक्षण दिलें, तेव्हां देशांत सुमारें तीस कारखाने होते. चारपांच वर्षांत त्यांची संख्या शंभराच्या वर गेली. याच लाटेंत निजामच्या राज्यांत बोधन येथें निजाम शुगर फॅक्टरी उभी राहिली आणि तिच्या वसाहतीला शक्करनगर असें नांव मिळालें. बोधन हें नांदेडच्या पलीकडे, तेलंगणांत. कळमनुरीपासून फार दूर नव्हे.

आजींच्या लहानपणीं त्यांच्या माहेरीं जी साखर येई ती ‘बोधनची’ म्हणूनच ओळखली जाई. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत साखरेवर नियंत्रण आलें आणि ती मापानें मिळूं लागली. आजींची आई वर्षभर चिमूट-चिमूट वांचवून एका डब्यांत साखर सांठवी आणि त्या डब्याची किल्ली आपल्या कमरेला ठेवी. तो डबा उघडावयाचा तो संक्रांतीच्या हलव्यासाठीं. पुढें १९५० सालीं नगर जिल्ह्यांत प्रवरानगर येथें महाराष्ट्रांतील पहिला सहकारी कारखाना सुरू झाला. कालांतरानें आमच्या शेजारीं वसमत येथेंहि पूर्णा सहकारी साखर कारखाना निघाला, आणि साखर ही कुलपांतून बाहेर पडून रोजच्या चहांत उतरली. ती स्वस्त झाली. पण स्वस्त झाल्याबरोबर तिच्यावर खर्च होणारा वेळहि लोकांना महाग वाटूं लागला, ही गोष्ट मात्र कोणाच्या ध्यानांत आली नाहीं.

कारण हलवा घरीं करणें हें एक व्रतच असे. तीळ, खसखस, साबुदाणा किंवा भोपळ्याच्या सोललेल्या बिया, यांपैकीं जें कांहीं घ्यावयाचें तें पितळी परातींत पसरावयाचें. खालीं शेगडींतील निखाऱ्यांवर राख लोटून आंच अगदीं मंद ठेवावयाची. साखरेच्या पाकांत थोडें दूध घालून वर येणारी मळी काढून टाकावयाची, पाक एकतारी झाला कीं उतरावयाचा, आणि तो चमच्याचमच्यानें दाण्यांवर सोडीत बोटांनीं ते सारखे फिरवीत राहावयाचे. एक चमचा वाळला कीं दुसरा, दुसरा वाळला कीं तिसरा. पाक घाईनें अधिक पडला तर दाणे एकमेकांना चिकटून गोळा होतो. आंच वाढली तर साखर पिवळी पडते. सकाळीं आरंभ केला तर दिवस मावळेपर्यंत तिळाला जेमतेम रूप येई, आणि चांगला टपोरा कांटा फुटावयास पुढचे एकदोन दिवसहि लागत. ‘हलवा’ हा शब्द मूळ अरबी, त्याचा अर्थ गोड पदार्थ, पण आजी सांगतात, “हलवीत बसावं लागतं, म्हणून हलवा.” ज्यांचीं बोटें त्या परातींत तापलीं आहेत त्यांना ही व्युत्पत्ति खोटी आहे असें सांगण्याचें धैर्य मला झालें नाहीं. याच हलव्याचे दागिने करून काळी साडी नेसलेल्या नव्या सुनेच्या अंगावर घालतात, आणि हाच हलवा बोरांबरोबर लहान मुलाच्या डोक्यावरून ओततात.

आतां आजींच्या त्या वाक्याचा अर्थ लागतो. साखर विरघळली कीं तिला दोन वाटा मोकळ्या असतात. एक वाट दाण्याची. पाक हलवला, त्यांत एखादा कोरडा कण पडला, कीं त्या कणाला दुसरे कण येऊन चिकटतात, ते ओळीनें रचले जातात, आणि स्फटिक तयार होतो. हलव्याचा कांटा म्हणजे असे एकावर एक बसलेले स्फटिकच. दुसरी वाट कांचेची. पाक न हलवतां खूप तापवला, त्यांतील जवळजवळ सर्व पाणी उडून गेलें, म्हणजे सुमारें १५० अंश सेल्सिअसपर्यंत तो पोंचला आणि मग झटकन् गार झाला, तर कणांना रांग धरावयास अवसरच मिळत नाहीं. ते जेथल्या तेथें थिजतात आणि आरपार दिसणारी साखरेची कांच तयार होते. लिंबाचा रस घातला तर आंबटपणामुळें साखरेचा कांहीं भाग फुटून त्याच्या दोन साध्या शर्करा होतात, आणि या पाहुण्या शर्करा मूळ साखरेला दाणा धरूं देत नाहींत. हलव्याला जो दाणा हवा असतो, तोच कँडी अ‍ॅपलचा वैरी. आजींनीं रसायनशास्त्र शिकलें नव्हतें. पण दाण्याला कसें बोलवावें हें ज्याला ठाऊक आहे, त्याला तो न बोलवतां कां आला हेंहि ठाऊक असतें.

दुसरे दिवशीं आजींनीं पाट चुलीजवळ ओढून घेतला. दोन वाट्या साखर, पाऊण वाटी पाणी आणि अर्ध्या लिंबाचा रस जाड बुडाच्या पातेल्यांत घातला. साखर विरघळेपर्यंतच ढवळली. एकदां उकळी फुटल्यावर पळीला हात लावूं दिला नाहीं. पातेल्याच्या कडेला उडालेले शिंतोडे ओल्या फडक्यानें पुसून घेतले, कारण तेथेंच वाळून राहिलेला कण पुन्हां पाकांत पडला तर तो सर्व पाकाचा घात करतो. सफरचंदांवर व्यापारी मेण चढवतात, म्हणून तीं आधीं कोमट पाण्यानें धुऊन अगदीं कोरडीं पुसलीं. पाक झाला कीं नाहीं हें पाहण्यासाठीं वाटींतील गार पाण्यांत त्याचा थेंब टाकला. प्रथम त्याची मऊ गोळी झाली, मग घट्ट गोळी झाली, आणि शेवटीं तो ‘कट्’ असा आवाज करून मोडला, तेव्हां आजींनीं पातेलें उतरविलें. असला पाक कातडीवर पडला तर उकळत्या पाण्यापेक्षांहि वाईट भाजतो. म्हणून मुलीला त्यांनीं हातभर लांब बसवलें होतें आणि फळें बुडविण्याचें काम तिच्या आईकडे दिलें होतें.

येथें रंगाचा प्रश्न निघाला. मुलीनें बाजारांतून लाल रंगाची एक पुडी आणविली होती. तिच्यावर ना कारखान्याचें नांव होतें, ना परवान्याचा आंकडा. आजींनीं ती उघडूंच दिली नाहीं. हा केवळ म्हातारपणचा सोंवळेपणा नव्हे, हें इतिहासच सांगतो. १८५८ सालीं इंग्लंडांत ब्रॅडफर्ड येथें मिठाईंत साखरेच्या ऐवजीं स्वस्त भेसळ घालावयाची म्हणून चूर्ण आणलें गेलें. तें चुकून सोमलाचें निघालें आणि सुमारें वीस माणसें प्राणांस मुकलीं. त्याच्या दोनच वर्षें आधीं, १८५६ सालीं, विल्यम पर्किन यानें डांबरापासून पहिला कृत्रिम रंग काढला होता, आणि थोड्याच काळांत असले झळझळीत रंग कापडावरून मिठाईंत उतरले. आपल्या देशांत १९५४ चा भेसळ प्रतिबंधक कायदा आणि त्यानंतर २००६ चा अन्नसुरक्षा कायदा यांनीं अन्नांत कोणते रंग चालतील हें ठरवून दिलें. तरीहि २०२४ सालीं तामिळनाडु आणि कर्नाटक राज्यांना गुलाबी रंगाच्या ‘बुढ्ढीके बाल’ या मिठाईविरुद्ध उपाय योजावे लागले. कारण तिच्यांत रोडामाइन-बी हा कापड रंगविण्याचा रंग सांपडला होता. जी वस्तु मुलें डोळ्यांनीं निवडतात, तिच्यांत रंगाची लबाडी सर्वांत आधीं शिरते.

मग लाल रंग आणावयाचा कोठून? बीटाचा रस सुचला. पण एवढ्या आंचेवर तो टिकत नाहीं, मातकट होतो. मुलगी हिरमुसली. तेव्हां आजी म्हणाल्या, “सफरचंद लालच आहे की! त्याला आणखी लाल कशाला करायचं?” आणि खरोखरच तसें झालें. बिनरंगी पाकांतून फळ बाहेर आलें तें आपल्याच सालीच्या रंगानें झळकत होतें; कवच कांचेचें असल्यामुळें आंतला लाल रंग पाण्याखालच्या माणकासारखा दिसूं लागला. हलव्याच्या दाण्याआड तो झांकून गेला असता. मग मुलीलाच उत्साह आला. एक हिरवें सफरचंद हिरवें झालें. हिंगोली जिल्हा हळदीसाठीं नांवाजलेला. तेव्हां उरलेल्या पाकांत नखाच्या टोंकावर मावेल एवढी घरची हळद पडली आणि तिसरें फळ सोनेरी झालें. तीन रंग झाले आणि पुडी तशीच्या तशी केरांत गेली.

श्रोतेहो, सफरचंद हेंहि आमच्या गांवीं मूळचें नव्हे. सॅम्युएल स्टोक्स या अमेरिकन गृहस्थानें १९१६ च्या सुमारास हिमाचलांतील कोटगढ भागांत गोड लाल सफरचंदाची लागवड सुरू केली. तिची फळें आज मालमोटारींतून कळमनुरीच्या बाजारापर्यंत येतात. फळ परकें, काडीवर बुडविण्याची तऱ्हा परकी. पण पाक ओळखणारी नजर घरची. नवीन वस्तु घरांत येते तेव्हां तिला हांकलून लावणें किंवा तिच्यापुढें लोटांगण घालणें, या दोनच रीति आहेत असें पुष्कळांना वाटतें. तिसरी रीत आजींनीं दाखविली. जुन्या विद्येनें नवीन वस्तूची परीक्षा करावयाची आणि मग तिला पंक्तींत बसवून घ्यावयाचें.

परंतु या तिसऱ्या रीतीला एक अट आहे: ती जुनी विद्या कोणाच्या तरी बोटांत जिवंत असली पाहिजे. आज हलवा पुडक्यांतून विकत मिळतो. तो वाईट असतो असें नाहीं. पण पुडकें फोडणाऱ्याला दाणा केव्हां धरतो आणि केव्हां धरत नाहीं हें कधींच कळणार नाहीं. ही विद्या कोणत्याहि ग्रंथांत पूर्ण उतरलेली नाहीं. ती आईच्या शेजारीं बसून, बोट भाजून, आणि बिघडलेला पाक पुन्हां पाणी घालून आटवून शिकावी लागते. माझ्या बहिणीला ती अर्धीच आली होती; नोकरी आणि घर यांच्या ओढाताणींत परातीपुढें दोन दिवस बसावयाला तिला सवड कशी मिळावी? दोष तिचा नाहीं. पण आजी ज्या दिवशीं त्या पाटावर नसतील, त्या दिवशीं पोपडा धरलेलें सफरचंद पाहून त्या घरांत कोणी काय सांगणार होतें?

संक्रांतीच्या दिवशीं शेजारच्या घरीं लहान मुलाचें बोरन्हाण होतें. आमच्याकडे त्या प्रसंगीं बोरें आणि हलवा यांची गांठ केवळ मुलाच्या डोक्यावर पडते. एरव्हीं फळ वेगळें आणि साखर वेगळी. माझ्या भाचीनें त्या सकाळीं गावरान बोरें धुऊन, पुसून, चारचार अशीं काडीवर ओंवलीं आणि आजींना म्हणाली, “आजी, पाक तूं बघ, मी ढवळणार नाहीं.” आजींनीं मान हलवली आणि गार पाण्याची वाटी तिच्याच हातांत दिली. पहिला थेंब पाण्यांत मऊ राहिला. दुसऱ्याची गोळी झाली. तिसरा मोडला तो आवाज आधीं मुलीनें ऐकला. आजींना अलीकडे तितकेंसें ऐकूं येत नाहीं.